जीवशास्त्राचं टाइमटेबल लावताना पंचांग उघडा

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या पालकांचा एकच प्रश्न असतो, "सर, झूलॉजी मेजर घेतलं तर मायनर काय घ्यायचं?" (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा.) उत्तर खाली देतोच, पण त्याआधी माझं एक जुनं भांडण. कोकणात जीवशास्त्राच्या पदवीचं नियोजन करताना सगळं बघतात. शिक्षक किती, लॅब कधी रिकामी, शेवटची एसटी किती वाजता. पंचांग तेवढं कुणी उघडत नाही.

मस्करी करत नाहीये. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास. अमावस्येलाही तेच. आता कॉलेजचं प्रॅक्टिकल कधी? अकरा ते दोन! म्हणजे ज्या उधाणाच्या दिवसांत सुकतीला पाणी सर्वांत लांब जातं, नेमकं त्याच दिवसांत मुलं खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, पोचणार ती भर भरतीला. बरं, अष्टमीला न्यावं तर दुपारी बाराला ओहोटी असते खरी, पण ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी उताराची. पाणी थोडं उतरल्यासारखं करतं आणि परत चढतं. थोडक्यात काय, दुपारच्या बॅचला खालचा खडप वर्षभर दिसत नाही. मग 'इंटरटायडल झोनेशन', म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीवांचे थर, जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढायचं आणि सही घ्यायची.

हिवाळ्यात पौर्णिमा-अमावस्येच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, नाहीतर द्वितीया-तृतीयेला सकाळी सातला जा. वर बारीक शंख आणि हाताला खरखरणारे बार्नेकल, त्याखाली कालवं, आणखी खाली उल्वा नि सरगॅसम ही शेवाळं, अगदी पाण्यालगत झोअँथिड या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या वसाहती, बोट लावलं की मिटणाऱ्या. अर्ध्या मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट टाकत वरून खाली उतरा आणि प्रत्येक चौकटीत काय किती ते मोजा. प्राण्याची वरची हद्द बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची हद्द जागेसाठी भांडणारे शेजारी आणि खाणारे. इकॉलॉजीचा हा सगळा धडा तिथे वीस-पंचवीस पावलांत पुढ्यात असतो. कालवं काढायला जाणाऱ्या बायका याच वेळा सांभाळतात, त्यांना कुणी टाइमटेबल छापून दिलेलं नाही.

भरती-ओहोटीसारखंच ऋतूंचंही. विषम सत्र पावसाळ्याबरोबर सुरू होतं, तेव्हा कातळसडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, जिवंत असतात. जूनमध्ये दिपकाडी कोकणेन्सची पांढरी फुलं येतात, जगात दुसरीकडे नाहीत अशी, मग ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद. सीतेच्या आसवांचं रोप मुळाशी उचलून स्लाइडवर ठेवलं तर किडे धरणाऱ्या पिशव्या दिसतात. असं असताना सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण सम सत्रात टाकायचं आणि फेब्रुवारीत सडा करपल्यावर हर्बेरियमच्या शीटवर भागवायचं, याला काय म्हणावं? उलट माशांचं प्रॅक्टिकल जून-जुलैत लावू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ऑगस्टनंतर बाजारातून एक बांगडा आणि सुरमईचं एक डोकं आणा. बांगड्याचं कल्ल्यावरचं झाकण उचललं की आत फणीसारखे लांब, दाट दाते दिसतात, प्लवक गाळून घ्यायला. सुरमईला तेच आखूड आणि मोजके, कारण ती शिकारी. विच्छेदनावर निर्बंध आल्यापासून "आता दाखवायचं काय" म्हणणाऱ्यांनी एकदा मासळीबाजारात चक्कर मारावी. (उरलेलं दुपारच्या जेवणात. लॅबमध्ये रसायनं लावायच्या आत बाजूला काढून ठेवा म्हणजे झालं.) रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावरची कासवं सम सत्रात, पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत. वाळू जास्त उबदार असली तर माद्या जास्त, हे तिथे उभं राहून ऐकलं की लिंगनिश्चिती म्हणजे फक्त एक्स-वाय, हा समज तिथल्या तिथे सुटतो.

हे नियमात बसत नाही असं कुणी सांगू नये. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात तीस तास. ते अकरा ते दोनमध्येच भरले पाहिजेत असं कुठे लिहिलंय? नव्या शैक्षणिक धोरणात तर फील्ड प्रोजेक्टलाही वेगळे क्रेडिट आहेत.

आता मायनर. माझं मत ठाम आहे, रसायनशास्त्र. "केमिस्ट्री नको म्हणून तर बायो घेतलं" हे दरवर्षी ऐकतो. पण खाडीच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर विंकलर टायट्रेशन, आणि नमुन्यातला ऑक्सिजन तिथल्या तिथे रसायनं घालून बांधून घेतला नाही तर आकडा खोटा. पुढे बायोकेमिस्ट्री, मॉलेक्युलर बायोलॉजी, सगळं त्याच्याच खांद्यावर उभं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यावं लागतं, तिथे मार्क सोपे मिळतात म्हणून काहीही घेण्यापेक्षा अर्थशास्त्र किंवा भूगोल बघा. संख्याशास्त्राचा कुठला पेपर मिळत असेल तर तो दुसऱ्या वर्षाच्या आत उरकून टाका. चौकटीतले आकडे हातात घेऊन तिसऱ्या वर्षी "सर, आता याचं काय करायचं?" म्हणत येणारी मुलं बघवत नाहीत. चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च'ला, म्हणजे संशोधनासह पदवीला, जायचं मनात असेल तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मागितलेत. म्हणजे पहिल्या वर्षाच्या दुर्लक्षाची वसुली तिसऱ्या वर्षी होते.

मेडिकलची 'नीट' परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून बीएस्सीत नाव घालून ठेवणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. द्या, पण हजेरीपुरतं येऊन फील्डच्या गटातली जागा अडवू नका.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला मान्य आहे. पहाटेच्या ओहोटीला गावातली मुलगी किनाऱ्यावर पोचणार कशी? पहिली एसटी सातनंतर येते, घरचे काळोखात पाठवत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच भरती-ओहोटीचा तक्ता घेऊन उजेडातल्या चार-पाच तारखा पक्क्या करा. संध्याकाळच्या तारखेला परतीच्या गाडीचे पैसे विभागाने भरावेत, सोबत एक मॅडम असाव्यात, आणि त्या दिवशीची दुपारची लेक्चर्स सरळ रद्द. तारखा जुलैतच पालकांच्या ग्रुपवर टाका. आयत्या वेळी कळवलं की नकार येतो, महिनाभर आधी कळवलं की वडील स्वतः गाडीवरून सोडायला येतात.