किट नको, भाडे द्या

पर्वती पायथ्याजवळच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी दोन तास एका छोट्या संस्थेचे कार्यालय उघडते. कार्यालय म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि कुलूप धड न लागणारे एक लोखंडी कपाट. बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षे, मी तेथे जमाखर्च लिहिते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही पोस्ट देणग्या गोळा करण्यासाठी नाही. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला मदत कशी करावी याविषयी माझे जे मत या काळात बनले, आणि मध्ये एकदा पार बदललेही, ते मला मांडायचे आहे.

आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे कायमची निराधार नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. दांडेकर पूल, जनता वसाहत, अप्पर इंदिरानगर या भागांतून येणारे हे लोक रिक्षा चालवतात, धुणीभांडी करतात, लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत काम करतात, वडापावची गाडी लावतात. त्यांचा संसार चाललेला असतो, पण त्यात एका महिन्याचीही फट सहन करण्याची सोय नसते. मागच्या वर्षी एक रिक्षाचालक आले, त्यांचा पाय मोडला होता. शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाली, रुग्णालयाला एक रुपयाही द्यावा लागला नाही, आणि तरीही ते कुटुंब बुडण्याच्या बेतात होते. कारण पाय बरा होईपर्यंतचे तीन महिने कोणत्याच योजनेत बसत नव्हते. खोलीचे भाडे साडेपाच हजार, रिक्षाच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या मुलीची फी, विजेचे बिल. त्यांच्या पत्नीने चार घरची कामे धरली होती, त्यातली दोन नवऱ्याच्या शुश्रूषेपायी सुटली. पहिल्या महिन्यात त्यांनी वस्तीतल्याच एकाकडून वीस हजार रुपये महिना दहा टक्क्यांनी उचलले. म्हणजे मुद्दल तसेच ठेवून दरमहा दोन हजार नुसते व्याज. पाय सांधला तेव्हा हे कर्ज तसेच उभे होते.

कुटुंब मोडते ते अशा ठिकाणी. आजाराने किंवा अपघाताने नव्हे, तर त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असते, मंगळसूत्र गहाण पडलेले असते आणि घरमालक ‘जमत नसेल तर खोली रिकामी करा’ असे सौम्य शब्दांत सांगून जातो. त्या वेळी दोन महिन्यांचे भाडे, म्हणजे अकरा हजार रुपये, मिळाले तर मुलगी त्याच शाळेत राहते, आईची कामे त्याच सोसायटीत राहतात. खोली सुटली आणि कुटुंब शहराबाहेर दूर कुठेतरी गेले की ही सगळी वीण उसवते आणि मग अकरा हजारांचे काम लाखभरातही होत नाही. आमच्या संस्थेने आजवर जे काही खरे उपयोगाचे केले, ते मला विचाराल तर एवढेच आहे: भाडे, फी, बिल, आणि ते वेळेवर.

एवढेच म्हणताना एका गोष्टीवर अन्याय होतो, ती म्हणजे कागद. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी एका संध्याकाळी केलेले काम कित्येकदा वर्षभराच्या देणग्यांपेक्षा मोठे ठरते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते, ही गोष्ट पुण्यातल्या सुशिक्षित माणसांनाही अनेकदा ठाऊक नसते. मग जनता वसाहतीतल्या एखाद्या मावशींना ती कुठून ठाऊक असणार? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात नंतर घातलेल्या ४१ कक या कलमाचा या तरतुदीला आधार आहे. तलाठी काका मावशींना कलम सांगत बसत नाहीत. ते रेशनकार्ड बघतात, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला कोणत्या दिवशी जायचे ते सांगतात आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटल्याशिवाय परत येऊ नका, असे तीनतीनदा बजावतात. रेशनकार्डावर वेगळे राहणाऱ्या मुलाचे नाव अजून तसेच असणे, आधारवर जुना पत्ता असणे, बँकेचे खाते बंद पडलेले असणे, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींमुळे माणसे हक्काच्या मदतीला मुकतात.

आता माझ्या चुकीविषयी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आठवडाभरात आमच्याकडे इतकी मदत आली, की ठेवायला जागा पुरेना. एका देणगीदाराने शिधा-किट दिली: गव्हाचे पीठ, तूरडाळ, तेल, साखर, मीठ, चहा. अट एकच होती, प्रत्येक कुटुंबाचा किट घेतानाचा फोटो पाठवायचा. हिशेबाच्या माणसाला पुरावा आवडतो, त्यामुळे मला त्यात काहीच गैर वाटले नाही. उलट फोटोंची यादी ठेवण्याचे काम मीच आनंदाने अंगावर घेतले. तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. एरवी त्या एका शाळेच्या उपाहारगृहात पोळ्या करत असत. किट हातात दिल्यावर मी मोबाइल समोर धरला, तेव्हा त्यांनी पदर पुढे ओढला. मी म्हणाले, ‘जरा पदर मागे घ्या, चेहरा दिसायला हवा.’ त्यांनी पिशवी खाली ठेवली. ‘ताई, माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. हा फोटो कुठं कुठं जाईल?’ मी दिलेले उत्तर आज येथे लिहायचीही मला लाज वाटते. नियम आहे, असे काहीसे मी म्हणाले. त्या निघून गेल्या. पिशवी टेबलापाशी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा कळले की घरातला गॅस चार दिवसांपूर्वीच संपला होता. पीठ, डाळ, तेल सगळे दिले असते तरी शिजवायचे कशावर? त्यांना सिलिंडरचे पैसे हवे होते. ते विचारण्याची आमच्या अर्जात जागाच नव्हती, कारण काय द्यायचे हे आम्ही आधीच ठरवून बसलो होतो.

माझे आजोबा कोकणातून शिकायला पुण्यात आले आणि वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार. म्हातारपणी त्यांना पुष्कळ गोष्टींचा विसर पडला होता. पण कोणत्या घरी घरच्या मुलांच्या पंगतीत पान मांडत आणि कोणत्या घरी ओसरीवर वेगळे बसवत, ते शेवटपर्यंत आठवत असे. काय वाढले होते, ते मात्र कधी सांगता आले नाही. याच शहरात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. तेथे जेवण फुकट नाही, परवडेल अशा दरात आहे, आणि पैसे मोजून जेवणारा माणूस कोणाचा मिंधा नसतो. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यातून आलेल्या मुलांना राहण्या-जेवण्याची सोय देताना त्यांच्याकडून कामही घेतले. ही उदाहरणे पुण्यातलीच आहेत, आणि तरीही मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रांग, पिशवी आणि फलक का उभे राहतात, हे मला उमजत नाही.

रोख मदतीला नेहमीचा आक्षेप असतो, की पैसे दारूत जातील. आम्ही पैसे हातात देतच नाही; भाडे घरमालकाच्या खात्यावर, फी शाळेत, सिलिंडर थेट वितरकाकडे. फसवणूक तरीही होते. एका गृहस्थाने औषधांची एकच चिठ्ठी तीन संस्थांना दाखवून तिघांकडूनही पैसे घेतल्याचे आम्हाला वर्षभराने कळले. त्यावर उपाय म्हणून आमच्या समितीने अर्ज चार पानांचा केला, ज्यामुळे तो फसवणारा गृहस्थ तर अडणार नाहीच, पण लिहिता न येणारी बाई नक्की अडेल. याबाबत समितीशी माझे भांडण चालू आहे. संस्थेचा दुसरा दोष म्हणजे वेळ: मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात रोजंदारीवरचा माणूस यायचा कसा, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नाही, कारण आम्ही सगळे निवृत्त आहोत आणि साडेसातला जेवतो.

सध्याचा वाद पुन्हा फोटोचाच आहे. एका कंपनीकडून मोठी रक्कम येण्याची शक्यता आहे आणि त्यांना शाळा सुरू होण्याच्या सुमारास दप्तरवाटपाचा कार्यक्रम हवा आहे, मुले आणि पालक यांच्यासह, व्यासपीठावर. तीच रक्कम फीसाठी देता येईल का, असे मी विचारले, तेव्हा फीचा फोटो निघत नाही, असे उत्तर मिळाले. समितीतल्या दोघांचे म्हणणे आहे, की आलेला पैसा नाकारण्याइतके आपण मोठे नाही, आणि हे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. त्या पैशांत साठ मुलांची दप्तरे होतील. मी मुलांच्या पाठमोऱ्या फोटोंची तडजोड सुचवली आहे आणि कंपनीच्या उत्तराची वाट पाहते आहे. ते नाही म्हणाले तर येत्या मंगळवारच्या बैठकीत मी विरोधात मत देणार आहे.