बालवाडीत चादर कशाला? फिरणाऱ्या मेसेजला एका बाईंचं उत्तर

गेले १५ दिवस सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत सात जणांनी पाठवला, त्यात आमच्याच बालवाडीतल्या तीन आया आहेत. मजकूर थोडक्यात असा: बालवाडीत हल्ली ‘प्रकल्प’ म्हणून मुलांना दोरे, माती, कागद चिवडत बसवतात आणि शिकवत काहीच नाहीत. मेंदूची बहुतेक वाढ सहा वर्षांच्या आत होते, म्हणून लिहिणं आणि पाढे याच वयात पक्के झाले पाहिजेत. प्रकल्पाचं हे खूळ परदेशातून आलंय. ते श्रीमंतांच्या शाळांना शोभतं, आपल्याकडे त्याचा खर्च आणि काम पालकांच्याच गळ्यात पडतं. वर्गात शिस्त उरत नाही ती वेगळीच. शेवटी सल्ला, की रोज मुलाची वही तपासा आणि कोरी दिसली तर शाळा बदला.

मी शहराच्या पूर्व भागात १४ वर्षं बालवाडीला शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी यंत्रमागावर आहे, कुणाची आई विड्या वळते. मेसेज पाठवणाऱ्या आयांवर माझा अजिबात राग नाही. आपलं शिक्षण राहिलं, निदान पोराचं तरी राहू नये, ही त्यांची धास्ती मला रोज दिसते. म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं.

पहिला मुद्दा: दोरे चिवडतात, शिकत काही नाहीत.

थंडीत एक मुलगा सकाळी चादर गुंडाळून शाळेत आला. आपली नेहमीची सोलापुरी, मोराची. मधल्या सुट्टीत ती जमिनीवर पसरून तो मला म्हणाला, “बाई, ह्यात मोर कसा घुसला?” दुसऱ्याने कोपरा उलटून दाखवलं, की पुढे लाल रंगावर पांढरा मोर आहे आणि मागे पांढऱ्या रंगावर लाल. मग सगळीच मुलं चादरीभोवती. आमचे पुढचे तीन आठवडे त्या एका प्रश्नावर गेले.

आम्ही पुठ्ठ्याचे माग केले. वहीएवढा पुठ्ठा, वर आणि खाली कात्रीने नऊ-नऊ खाचा, त्यांत नऊ उभे दोरे ताणलेले. आडवा दोरा आइस्क्रीमच्या काडीला बांधायचा, तोच धोटा. एका दोऱ्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, परत वरून, असं पलीकडे जायचं. पहिली ओळ सगळ्यांची झाली. दुसऱ्या ओळीला तो चादरवाला मुलगा काठावरून वळला आणि आला त्याच वाटेने परत गेला. जिथे वरून तिथे वरून, जिथे खालून तिथे खालून. मग टोक ओढून बघितलं तर अख्खा दोरा सुळकन बाहेर. “बाई, निसटतंय.” मी काही बोलले नाही. त्याने पुन्हा केलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा शेजारची मुलगी म्हणाली, “तू परत तसंच करतो की. आत्ता वरनं आला ना, मग जाताना खालनं जा.” त्याने केलं. दोरा ओढला, आणि तो अडकला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

आता यात शिकण्यासारखं काय होतं ते सांगते. एक सोडून एक हा क्रम गणिताचा पाया आहे, सम-विषम पुढे त्यातूनच येतं. नऊ दोरे त्या मुलाने पुढूनही मोजले आणि मागूनही. चूक कुठे झाली ते बाईंनी लाल पेनाने दाखवलं नाही, दोऱ्याने दाखवलं, आणि दुरुस्त झाल्याचंही दोऱ्यानेच सांगितलं. काडी धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं. पेन्सिल धरायला तीच तीन बोटं लागतात.

दुसऱ्या आठवड्यात एका मुलीचे आजोबा वर्गात आले. आयुष्य मागावर गेलेलं, खटखटीने कान मंद झालेले, त्यामुळे बोलणं मोठ्याने. त्यांनी पिशवीतून खरा धोटा काढला आणि त्यात सुताची कांडी कशी बसते ते दाखवलं. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. मग मी मुलांना विचारलं, घरी मागाला काय म्हणता? तेलुगू बोलणारी म्हणाली ‘मग्गम’. कन्नड घरातला म्हणाला ‘मग्ग’. मराठी मुलं म्हणाली ‘माग’. दोऱ्याला कुणी ‘दारम’, कुणी ‘दार’, कुणी ‘दोरा’, तर उर्दू बोलणारा ‘धागा’. मी फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेले आणि मुलांनाच दिसलं, की मग्गम, मग्ग आणि माग या तिन्हींची सुरुवात एकाच अक्षराने होते. म अक्षर त्या दिवशी वर्गात असं आलं. जून महिन्यापासून जेमतेम चार शब्द बोललेली ती तेलुगू मुलगी त्या दिवशी मला ‘मग्गम’ म्हणायला शिकवत होती. माझा उच्चार तिने दोनदा दुरुस्त केला.

एक कबुली इथेच देते. प्रकल्प केला की वाचन आपोआप येतं, असं मी म्हणत नाही. आवाज आणि अक्षर यांची जोडी शिकवावी लागते. मी त्यासाठी रोज २० मिनिटं वेगळी ठेवते, चादर असो वा नसो. पण त्या २० मिनिटांत शिकलेलं अक्षर वापरायला मुलांकडे काहीतरी असावं लागतं, आणि ते प्रकल्पातून मिळतं.

दुसरा मुद्दा: मेंदूची वाढ लवकर होते, म्हणून लिहिणं लवकर.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलंय, की मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास वयाच्या सहा वर्षांआधी होतो. पण ते धोरण त्यावरून काय सांगतं ते मेसेजमध्ये नाही. ते सांगतं, की ३ ते ८ वर्षांचा सलग पायाभूत टप्पा धरा आणि त्यात खेळ, कृती आणि शोध यांतून शिकवा. २०२२ साली या टप्प्याचा जो राष्ट्रीय आराखडा आला त्याचाही भर यावरच आहे. वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का करण्यासाठी २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंतची आहे, मोठ्या गटाच्या अखेरीपर्यंतची नाही. वाढ वेगाने होते हे खरं, म्हणून तर त्या वर्षांत बघणं, बोलणं, हाताळणं, विचारणं भरपूर हवं. ५० वेळा ‘क’ गिरवताना मूल तिसऱ्या ओळीनंतर क कडे बघतसुद्धा नाही, नुसती रेघ ओढतं. खात्री करायची असेल तर शेजारी बसून त्याचे डोळे बघा.

हाताचंही सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं टणक होत जातात. शेवटचं साधारण ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान होतं. याचा अर्थ चार वर्षांच्या मुलाने पेन्सिल धरूच नये असा नाही. तसे मेसेजही फिरतात, तेही चूकच. अर्थ इतकाच, की आधी बोटांत जोर आणि पकड यायला हवी, आणि ती कणीक मळून, शेंगा सोलून, मणी ओवून, दोरा विणून येते.

तिसरा मुद्दा: परदेशी खूळ.

या मुद्द्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण यात आपल्याच माणसांचा विसर पडलाय. ‘प्रकल्प पद्धती’ हे नाव अमेरिकेतल्या विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ च्या लेखाने रूढ केलं, हे खरं. पण मग ‘किंडरगार्टन’ हा शब्द तरी कुठला? जर्मनीतल्या फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं, मुलांची बाग. त्या बागेत ठोकळे होते, माती होती, कागदाच्या घड्या होत्या, आणि कागदाच्या पट्ट्या विणून चटई करणंसुद्धा होतं. म्हणजे किंडरगार्टन हवं पण विणकाम नको, ही मागणी मूळ बागेलाच धरून नाही.

आणि आपल्याकडे? गिजुभाई बधेका या गुजराती शिक्षकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये बालशिक्षणाच्या कामासाठी नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाई डहाणू भागातल्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. डहाणूकडच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं घेतली. आज गल्लोगल्ली असलेल्या अंगणवाडीची कल्पना त्या कामातून रुजली. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम, म्हणजे काम करत शिकण्याची पद्धत, मांडली, तिच्याही मध्यभागी हाताचं काम होतं, सूत होतं. सोलापूरच्या माणसाने सुतावरून शिकण्याला परदेशी म्हणावं, हे मला पटत नाही.

चौथा मुद्दा: श्रीमंतांचे लाड, आणि भार पालकांवर.

खर्चाचं उत्तर सोपं आहे. आमच्या २६ मागांचे पुठ्ठे किराणा दुकानातून आले आणि सूत कारखान्यातलं उरलेलं. विकत घेतल्या त्या फक्त काड्या. मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाण्यावर काम केलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घरोघर पिंप भरून ठेवायची सवय आहे. मुलांनी तांब्याने बादली भरली आणि बादलीने घागर भरली. कशात किती मावतं ते आधी अंदाजाने सांगितलं, मग मोजलं. खर्च शून्य, आणि तेच पाणी झाडांना गेलं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या दुसरीच्या वर्गांत प्रकल्पांची आणि नेहमीच्या शिकवण्याची नीट तुलना केली गेली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रकल्पवाली मुलं सामाजिक शास्त्रात आणि माहितीपर वाचनात पुढे गेली, लेखनात मात्र फरक दिसला नाही. ती मुलं आपल्यापेक्षा मोठी, शाळा वेगळ्या, म्हणून मी त्यावरून फार मोठं बोलणार नाही. पण प्रकल्प फक्त श्रीमंतांना फळतो, हे तरी त्यातून निघत नाही.

पालकांवरच्या भाराबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. माझी भाची मोठ्या गटात असताना तिच्या शाळेतून संध्याकाळी निरोप आला, उद्या सिद्धेश्वर मंदिराची प्रतिकृती आणा. रात्री दहाला तिचे वडील थर्माकोल शोधत नवी पेठेत फिरले, आई साडेबारापर्यंत कापत बसली, पोर कधीच झोपलेली. सकाळी मंदिर शाळेत गेलं, फोटो निघाला, पहिला नंबर आला. भाचीने त्याला बोट लावलं नव्हतं. घरी गेल्यावर तिने आईला विचारलं, मला आता खेळायला मिळेल का ते. असं काम मागणाऱ्या शाळेला जरूर जाब विचारा. पण तो प्रकल्प नव्हे, पालकांची परीक्षा आहे. ज्याच्यात प्रश्न मुलाचा नाही आणि हात मुलाचे नाहीत, त्याला प्रकल्प म्हणू नका. माझ्या वर्गातून कुठलीही वस्तू करायला घरी जात नाही. निरोप गेलाच तर एवढाच, की आजी-आजोबांपैकी कुणाला मागाची माहिती असेल तर एक तास पाठवा.

शिस्तीबद्दल थोडंच. वर्गात आवाज असतो, हो. २६ मुलं, मी आणि एक मावशी. चार गट करते, एका वेळी एकच गट मागावर, बाकी चित्र, ठोकळे, गोष्ट. ४५ मुलांमागे एकटी बाई असेल तर हे तसंच्या तसं जमणार नाही, तिथे पटसंख्येचा प्रश्न आधी सोडवायला हवा. पण दहा मिनिटं मान खाली घालून दोरा ओवणाऱ्या मुलाला बेशिस्त कसं म्हणायचं?

राहिली वही. कोरी दिसली तर शाळा बदला म्हणतात. माझ्या वर्गातल्या वह्या नोव्हेंबरपर्यंत चित्रांनीच भरलेल्या असतात. चादरीच्या प्रकल्पात मुलांनी दुकान मांडलं तेव्हा किमतीच्या चिठ्ठ्या लिहिल्या. कुणी १० लिहिलं, कुणी ०१, आणि दोघांचं भांडण त्यांनीच फळ्याजवळ जाऊन मिटवलं. त्या चिठ्ठ्या वहीत नाहीत, खोक्यात आहेत. मागितल्या तर कुठल्याही पालकाला दाखवते.

मेसेज पाठवणाऱ्या त्या तीन आयांपैकी एक परवा शाळा सुटताना थांबली. तक्रार होती. पोराने घरातल्या नव्या टॉवेलची कड उसवून ठेवली, तिने दोन धपाटे दिले. मग विचारलं कशाला उसवलंस, तर म्हणाला, धागे मोजत होतो. सतरापर्यंत मोजले. पुढे येत नव्हतं, म्हणून परत एकपासून सुरू केलं, परत सतराला अडला. टॉवेल तिने पिशवीतून आणला होता, कड सुटलेली, धागे एकेक वेगळे लावलेले. “बाई,” ती म्हणाली, “त्याला पुढचे आकडे शिकवा.” दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल मधे ठेवून आम्ही अठरा, एकोणीस, वीस केले. कडेला एकंदर एकतीस धागे निघाले. तिथपर्यंत पोचायला त्याला शुक्रवार उजाडला.