अफगाण चर्च ते भायखळा : ‘इंग्रजांची स्मारकं कशाला बघत फिरायचं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. रागात लिहिलीये पण मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळीत ‘धन्यवाद’ म्हणून सोडून देत नाही.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून भायखळ्याच्या फायर ब्रिगेडपर्यंत पायी, साधारण नऊ-दहा किलोमीटर, मध्ये लागणारी सगळी स्मारकं बघत, असा वॉक मी लिहिला होता. त्यावर यांचं म्हणणं असं की ही सगळी इंग्रजांची स्मारकं, त्यांच्या बाजूने लढलेले आपले लोक भाडोत्री, त्यांच्यापुढे आज कशाला माना तुकवायच्या. शिवाय हुतात्मा चौक मी चार ओळीत उरकला आणि चर्चला मात्र चार परिच्छेद दिले. आणि एवढं उन्हात तंगडतोड करायची गरजच काय, टॅक्सीने हे सगळं दोन तासात होतं.

आधी चर्चचंच घेऊ, कारण तिथे मी थांबले ती भक्तिभावाने नाही. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी ते बांधलंय, १८५८ साली पूजेसाठी खुलं झालं. आत बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत, त्याचा फोटो सगळेच काढतात. पण तुम्ही वेदीच्या बाजूला जा आणि तिथला मजकूर वाचा. त्यात स्वच्छ लिहिलंय की हे चर्च ज्या अधिकाऱ्यांची नावं या भिंतींवर आहेत त्यांच्या स्मरणार्थ, आणि त्या खालच्या हुद्द्यांच्या, साध्या शिपायांच्या स्मरणार्थ, ज्यांची संख्या इतकी जास्त आहे की नावं लिहिता येत नाहीत. साल १८३५ ते १८४३. म्हणजे साहेबाला संगमरवरावर नाव आणि शिपायाला ‘फार होते’ एवढंच. आणि हे लाजून लपवलेलं नाही, कोरून ठेवलंय.

त्या ‘फार होते’मध्ये कोण होते? मुंबईच्या फौजेच्या देशी पलटणी होत्या, आणि त्यांच्यात कोकणातली, देशावरची पोरं भरपूर. त्यातलीच पाचवी पलटण १८४० साली बलुचिस्तानात काहूनच्या किल्ल्यात महिनोन् महिने वेढ्यात अडकून लढली. तीच ‘काली पांचवी’, आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. तुम्ही म्हणता हे ‘त्यांचं’ स्मारक. इमारत त्यांची, नावं त्यांची, कबूल. पण जी नावं तिथे नाहीत ती आपली आहेत हो, आणि ती नाहीत हे बघायलाच मी लोकांना तिथे पाठवते.

आणि हे एका चर्चपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. साधारण पाऊणशे वर्षांनी पुन्हा तेच झालं. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या, २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि पुढे कैदेत किती मेले त्याची गणतीच नाही. नंतर बसऱ्याला मोठं स्मारक उभं केलं, तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्याकडच्या अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं आणि माफी मागितली, की हिंदी शिपायांसकट हजारोंचं स्मरण बरोबरीने झालं नाही, आणि शिवाय निदान १,१६,००० लोक, मुख्यतः आफ्रिका आणि इजिप्तमधले, असे आहेत ज्यांचं नावानिशी स्मरण कुठेच झालं नाही, आकडा त्याहून बराच मोठाही असू शकतो. माफी त्यांनी मागितली ते ठीक, पण आपण त्याच लोकांना भाडोत्री म्हणून पुन्हा एकदा पुसून टाकायचं का?

‘भाडोत्री’ हा शब्द मला लागला, खरंच. कोकणात खोताचं देणं देऊन शेतात काय उरायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. पलटण म्हणजे दर महिन्याला मनीऑर्डर, पेन्शन, आणि काहींसाठी तर गावात ताठ मानेने चालायची एकमेव सोय. इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले समाजसुधारक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला होता, भरती पुन्हा सुरू करा म्हणून. ते इंग्रजांच्या प्रेमात होते म्हणून नाही, तर वर्दी गेली की माणूस म्हणून मिळणारी किंमतही जाणार हे त्यांना दिसत होतं. पुढे १९१७ला गरज पडल्यावर १११ महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर काही वर्षांत मोडीत काढली. आणि लोकमान्यांनीसुद्धा त्या महायुद्धात भरतीला सरसकट विरोध केला नव्हता, त्यांची अट होती की आमच्या पोरांना अधिकारपदं द्या, स्वराज्य द्या. त्या काळातल्या माणसांपुढे हे असे गुंतागुंतीचे प्रश्न होते, आणि आपण शंभर वर्षांनी मोबाइलवर एका शब्दात त्यांचा निकाल लावतो, हे मला पटत नाही.

आता हुतात्मा चौक. मी कमी लिहिलं कारण त्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय, पण तुम्ही विषय काढलाच आहे तर चालण्याचा मुद्दाही इथेच येतो. रीगल सिनेमासमोर ती जी दगडी इमारत आहे, आता पोलीस मुख्यालय, ती मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७६ला पूर्ण झाली, युरोपियन खलाशांसाठी, आणि देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. १९२८पासून तिथे कौन्सिल हॉल होता, म्हणजे विधिमंडळ तिथे भरायचं. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा याच कौन्सिल हॉलकडे निघाला होता आणि फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पंधरा जण गेले. पुढे हुतात्म्यांचा आकडा १०६वर गेला. तुम्ही रीगलपासून काळा घोडा भागातून फाउंटनला चालत जाता तेव्हा तो मोर्चा ज्या रस्त्याने येणार होता आणि येऊ शकला नाही, त्या रस्त्याने उलटं जात असता. दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे माणसं एवढ्या जवळ आली होती. टॅक्सीत हे कळणार नाही, तिथे तुम्ही सिग्नलला अडकून मोबाइल बघत असाल.

आणि तिथून पुढे आझाद मैदान, तेसुद्धा हाकेच्या अंतरावर. १५ ऑक्टोबर १८५७ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं ते याच भागात. त्याच्या अलीकडे, कूपरेजजवळ, १९४६च्या नाविक उठावाचं स्मारक आहे, १८ फेब्रुवारीला नौदलाच्या ‘तलवार’ या केंद्रावर पोरांनी काम बंद केलं आणि चार-पाच दिवसांत अख्खी मुंबई पेटली, रस्त्यावर शेकड्यांनी माणसं मेली. १८५७, १९४६, १९५५ हे सगळं त्या अफगाण चर्चच्याच रस्त्याला पुढे लागतं. मग सांगा, मी फक्त इंग्रजांची स्मारकं दाखवली का? एकाच वर्दीतली माणसं कुठे साहेबासाठी मेली आणि कुठे साहेबाविरुद्ध मेली, आणि हे सगळं एका सकाळच्या चालण्यात येतं, हाच तर त्या वॉकचा जीव आहे.

गेटवेबद्दल जास्त लिहिलं नाही, लिहिणारही नाही, तिथे गर्दीत उभं राहून काही सुचत नाही. बॅलार्ड इस्टेट रविवारी रिकामी असते, छान वाटतं, एवढं पुरे.

पण मसजिद बंदर सोडू नका. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही मूळचे खेडचे आणि तुमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. अहो, मग हे स्मारक तुमच्या घरचंच आहे. गोऱ्या खलाशांना रीगलचा कोपरा मिळाला, आपल्यांचं इंडियन सेलर्स होम मसजिद बंदरला, गोदामं आणि मालगाड्यांच्या बाजूला. मुंबईत बोटीवर डेकचं काम करणारे सारंग, टंडेल, खलाशी बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यात कोकणी मुसलमान खूप, आणि सलूनमध्ये, म्हणजे बोटीवरच्या जेवणखाणाच्या विभागात, वाढपी-खानसामे गोव्याचे. खाली इंजिनाजवळ कोळसा ओढणारे आगवाले, टॉर्पेडो लागला की सर्वात आधी तेच जायचे. ज्यांना समुद्राशिवाय कबर मिळाली नाही अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर आणि दुसऱ्यातल्या सहा हजारांवर दर्यावर्दींचं स्मरण या जागी केलंय. दुसऱ्या महायुद्धाचं असंच जोड-स्मारक चितगावलाही आहे, कारण तिकडचेही बरेच गेले.

इथे नावं आहेत, अनामिक. खलाशाचं, आगवाल्याचं, भंडाऱ्याचं (बोटीवरच्या स्वयंपाक्याचं), प्रत्येकाचं नाव. कुलाब्याच्या त्या ‘फार होते’पासून चालत निघून मसजिद बंदरला पोचेपर्यंत तुमचे पाय दुखत असतात आणि मग कळतं की नावं लिहिता येत होती, आठ हजार असली तरी येत होती, प्रश्न फक्त लिहायची इच्छा आहे का एवढाच होता.

पणजोबांचं नाव शोधायचं असेल तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर सर्च आहे. एकाच स्पेलिंगवर थांबू नका, इब्राहिम आणि दाऊद अशी नावं त्या कारकुनांनी चार प्रकारे लिहिलीत, आडनाव तर बऱ्याचदा नसतंच. मेमोरियलमध्ये बॉम्बे १९३९-१९४५ निवडा, जहाजाचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर ते टाका. काही नोंदींत वडलांचं नाव आणि गावही सापडतं. अडलं तर इथेच लिहा, मी मदत करेन, मनापासून सांगतेय.

भायखळ्याबद्दल तुम्ही विचारलंत की आगीच्या बंबवाल्यांचं युद्धस्मारकात काय काम. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या बोटीला आग लागली, पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला, आणि विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान स्फोटात गेले. बोट युद्धाचा माल घेऊन आली होती, मग हे युद्धातले मृत्यू नाहीत तर काय? देशभर १४ एप्रिल अग्निशमन दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. तिथे जाताना एवढंच लक्षात ठेवा की ते चालू फायर स्टेशन आहे, गेटवर विचारूनच आत जा आणि गाड्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका.

उन्हाचं म्हणाल तर सकाळी लवकर निघा, डिसेंबर-जानेवारीत. पाण्याची बाटली घ्या. रविवारी गेलात तर फोर्टात ट्रॅफिक नसतो पण चर्च उघडं आहे का ते आधी बघून घ्या. गुडघे दुखत असतील तर सीएसएमटीला थांबा आणि उरलेलं पुढच्या वेळी करा, त्यात कमीपणा काही नाही. हिवाळ्यात मी परत जाणार आहे, तारीख इथे टाकेन. तुम्ही आलात, आणि वाटेत भांडत आलात, तरी चालेल.