पंगत, कचराकुंडी आणि ‘फ्यान दाओ’

नमस्कार. विजन भट्टाचार्य यांच्या ‘नवान्न’ या बंगाली नाटकावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की १९४३चा बंगालचा दुष्काळ वादळाने आणि युद्धाने आणला, साठेबाज आपलेच होते, आणि उष्टं वेचणारी माणसं दाखवून प्रेक्षकांना रडवणं म्हणजे इतिहास नव्हे.

साठेबाजांचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि नाटकालाही. त्यातला कालीधन धारा हा तांदळाचा देशी व्यापारीच. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

वादळही खरं. १६ ऑक्टोबर १९४२ला मेदिनीपूरचा किनारा उद्ध्वस्त झाला आणि नाटकातलं प्रधान समाद्दारचं कुटुंब त्याच जिल्ह्यातलं. पण त्याच्या काही महिने आधी, जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतला तांदूळ उचलला होता आणि दहा किंवा जास्त माणसं बसतील अशा होड्या काढून घेतल्या होत्या. नद्यांच्या त्या मुलखात होडी गेली म्हणजे मासेमारी गेली, बाजार गेला, पलीकडच्या बेटावरचं शेतही गेलं. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना धान्य आधी मिळेल, याची तजवीज मात्र झाली. १९४३मधला तांदूळ १९४१पेक्षा कमी नव्हता, असा अमर्त्य सेन यांचा हिशेब आहे. त्या आकड्यांवर वाद आहेत. शहरात अन्न होतं, यावर नाहीत.

म्हणून नाटकातला उष्टं वेचण्याचा तो प्रवेश मला रडवायची युक्ती वाटत नाही. रंगमंचाच्या एका बाजूला श्रीमंताघरचं लग्न, जेवणावळी चालल्या आहेत. दुसऱ्या बाजूला कचराकुंडी. प्रधानच्या घरातले कुंज आणि त्याची बायको राधिका तिथे कुत्र्यांशी झोंबत उष्टं शोधतात. कुत्रं कुंजच्या हाताला चावतं, राधिका साडी फाडून जखम बांधते. दोन्हीकडचं अन्न एकाच चुलीवरचं! तांदूळच नसता तर ती पंगत बसली असती का?

तेव्हा कलकत्त्यात माणसं दारोदार ‘फ्यान दाओ’, म्हणजे ‘फ्यान द्या’, म्हणत फिरत होती. फ्यान म्हणजे भात वेळताना निघणारं पाणी. कोकणात आमच्या घरी आजी भात वेळायची. झाकण घट्ट दाबून तपेलं कलंडायचं, वाफेने तिचा चेहरा दिसेनासा व्हायचा. ते पांढरं दाट पाणी गोठ्यात म्हशीपुढे जायचं. भातावर आपला हक्कच नाही असं धरून चाललेला माणूस ते मागतो, आणि ती मागणारी बहुतेक भात पिकवणाऱ्या गावांतली होती. हे आठवलं की मला पुढे लिहवत नाही.

‘इप्टा’ (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंस्थेने हे नाटक २४ ऑक्टोबर १९४४ला कलकत्त्याच्या श्रीरंगम नाट्यगृहात उभं केलं. मागे पडदा म्हणून गोणपाट होतं. समोर बसलेल्यांनी ती हाक वर्षभरापूर्वी स्वतःच्या दारात ऐकली होती. कुणी दार उघडलं असेल, कुणी नसेल. पंगत आणि कचराकुंडी त्यांच्यासाठी शेजारी शेजारी मांडली होती.