नव्या पॉइंट टू-टू पिस्तुलाला दोन स्टार: रेंजच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही नेमबाजीच्या रेंजवर आणलेलं नवं इटालियन पॉइंट टू-टू (.22 कॅलिबरचं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वारंवार जॅम होतं, डावीकडे खाली मारतं, ट्रिगर जड आहे, एका वेळी पाचच गोळ्या देतो, आणि वर आमच्या कोच मॅडम सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडल्या.

ओरडण्याचं आधी घेतो. ओरडल्या, आणि उद्या तसंच झालं तर परत ओरडतील. ट्रिगर दाबला, नुसतं 'टक्' झालं, गोळी सुटली नाही. तेव्हा तुम्ही मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढलंत आणि 'हे बघा, परत बंद पडलं' म्हणत पिस्तुलासकट मागे वळलात. शेजारच्या लेनवर कॉलेजची मुलगी सराव करत होती. नळी तिच्यावरून फिरली.

'मॅगझिन तर काढलं होतं' असं तुम्ही लिहिलंय, आणि गोम तिथंच आहे. तुमचा हात एअर पिस्तुलावर बसलेला. त्यात एक छर्रा भरायचा, एक सोडायचा. सुटला की हत्यार रिकामं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटली की तिच्याच जोरानं रिकामी केस (गोळीचं टरफल) बोल्टला, म्हणजे नळीमागच्या सरकत्या भागाला, मागे ढकलते, केस बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येता येता तो मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या जागेत, घालतो. तुमचं बोट ट्रिगरवरून सुटायच्या आत हत्यार परत भरलेलं असतं. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी तिथंच राहते. पॉइंट टू-टूत दारू पेटवणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो. पिन जिथं आपटते नेमका तिथं तो कमी पडला तर गोळी पेटत नाही, आणि क्वचित जरा थांबून पेटते. म्हणूनच मॅडमनी पिस्तूल हातात घेतल्यावर नळी टार्गेटकडे धरून वाट बघितली आणि मगच बोल्ट ओढला. टेबलावर जी पडली ती न उडालेली गोळी होती. तुम्हीही पाहिलीत, रिव्ह्यूत तेवढी राहून गेली.

बाकीच्या वेळी केस उभी अडकली होती, ती गोष्ट वेगळी. एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे मनगट सैल असलं तरी चालून जातं. इथं मनगट धक्क्याबरोबर मागे गेलं की बोल्टची मागे जायची ताकद तिथंच मुरते आणि केस धड बाहेर पडत नाही. मॅडमनी तुमचं मनगट धरून दाखवलं, त्यानंतरची दोन मॅगझिन विनातक्रार गेली. पिस्तूल तेच, गोळ्यांचा डबाही तोच.

डावीकडे खाली मारतं म्हणून तुम्ही साइटला (नेम धरायच्या खुणेला) दोष दिलात, तर शेवटच्या मॅगझिनमध्ये मॅडमनी तुम्हाला न सांगता मध्ये एक डमी (खोटी गोळी) घातली होती. तिची पाळी आली तेव्हा गोळी सुटलीच नाही, तरी नळीनं खाली आणि डावीकडे झटका खाल्ला. आवाज होणार म्हणून हात आधीच दचकतो. उजव्या हातानं मारणाऱ्या बहुतेकांचं सुरुवातीला असंच होतं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यासाठी साइट फिरवून द्या म्हणालात, ते मी करणार नाही. त्याच साइटवर बाकीचे मेंबर टार्गेटच्या मधल्या टेनच्या आसपास गोळ्यांचा ग्रुप काढतायत.

ट्रिगर मुद्दाम जड ठेवलेला नाही. एअर पिस्तुलाला नियमानं ट्रिगर ओढायला कमीत कमी 500 ग्रॅमचा जोर लागायला हवा, 25 मीटरच्या पिस्तुलाला, म्हणजे या पॉइंट टू-टूला, 1000. स्पर्धेत वजन टांगून तपासतात, हलका निघाला तर पिस्तूल बाजूला. पाच गोळ्यांचंही तेच, स्पर्धेतली सिरीजच (गोळ्यांची एक फेरी) पाचाची असते. यात आमचा चिक्कूपणा नाही.

पाची गोळ्या धडाधड मारू द्यायला हव्या होत्या, असंही लिहिलंय. तो रॅपिड फायरचा प्रकार: पाच टार्गेट, पाच गोळ्या, आधी 8 सेकंदांत, मग 6, मग 4. विजय कुमारनं 2012 ला लंडनमध्ये त्यातच रौप्य मिळवलं. पहिल्याच दिवशी, नळी कुठं जाते याचं भान नसताना, तो आमच्याकडे कुणालाच मिळणार नाही. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटरचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून रेंजवर येणाऱ्या पोरापोरींना थेट पॉइंट टू-टूच हवं असतं. त्यांनाही हेच सांगतो.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. ग्रिप तुमच्या तळव्याला मोठी होती. सध्या एकच माप आहे, लहान ग्रिप मागवली आहे. गोळ्यांचे पैसे जास्त वाटले, तेही खरं. गोळ्या परदेशी आहेत, आणि सरावाला स्वस्त गोळ्या वापरून नवं पिस्तूल खराब करायची माझी तयारी नाही.

परत यायचं असेल तर शनिवारी सकाळी या, गर्दी कमी असते. आधी अर्धा तास गोळीशिवाय फक्त ड्राय फायर आणि चेंबर रिकामं करून सेफ्टी फ्लॅग (ते रिकामं असल्याची खूण) घालायचा सराव. त्याचे पैसे घेत नाही. मॅडमच शिकवतील, त्यांच्या मनात काही नाही.