पिनियन आधी, मोटर नंतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा नीट वाचली. क्रॉलरसाठी, म्हणजे खडक चढणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाडीसाठी, ब्रशची मोटर कशी निवडावी यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप तीन. मी नवख्यांना उगाच खर्चात पाडतोय. साध्या 35 टर्नच्या (आत तारेचे 35 वेढे असलेल्या) मोटरला लहान पिनियन, म्हणजे शाफ्टवरचं दातेरी चाक, लावला की तेच काम होतं. आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी पडलाच तर साधीच 55 टर्नची घ्यावी, कारण महाग मोटरीत मोटरच्या रंगीत धातूच्या डब्यापलीकडे काही नसतं.

दुसरा आक्षेप बराचसा मान्य. पिनियनवर मी एका ओळीत बोळवण केली होती, ती चूकच. वळणांच्या तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 14 दातांचा पिनियन काढून 11 दातांचा लावला, तर त्याच चढावर मोटरला आधीच्या 79 टक्केच जोर लावावा लागतो, आणि तारेतली उष्णता जवळजवळ 38 टक्क्यांनी उतरते. वेग 21 टक्के जातो, पण खडक चढताना तो लागतो कुणाला? नुसती मोटर बदलून एवढा फरक सहसा पडत नाही. ज्यांच्या मोटरीला पाच मिनिटांत हात लावता येत नाही, त्यांनी आधी पिनियन आणावा. बसवताना दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबायचं, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून टाकायची. गिअरमधलं अंतर बरोबर बसतं.

55 टर्नबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. डबा तोच, चुंबक तेच, आर्मेचरवरची, म्हणजे आतल्या फिरत्या गाभ्यावरची, जागा तेवढीच. त्याच जागेत 35 ऐवजी 55 वेढे बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते. दर अँपिअरमागे टॉर्क 57 टक्क्यांनी वाढतो हे खरं, पण तारेचा रोधही सुमारे अडीच पट होतो. हिशेब मांडून बघा: तेवढाच टॉर्क काढायला करंट कमी लागला, तरी उष्णता होती तेवढीच राहते. म्हणजे जास्त टर्नच्या मोटरीत जादा ताकद दडलेली नसते. तिचा फायदा वेगळा आहे. त्याच बॅटरीवर चाक 64 टक्के वेगाने फिरतं, त्यामुळे थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर) पसरतो आणि बोटाला जास्त जागा मिळते. हा फायदा मोठा आहे, फक्त त्याला टॉर्क म्हणू नये. टू-एस (दोन सेलच्या) बॅटरीवर अशी गाडी फारच संथ वाटते, थ्री-एसवर (तीन सेलच्या) तीच मोटर छान चालते.

मग महाग मोटरीत काय असतं? एक साधी मोटर हातात घ्या, तारा मोकळ्या ठेवा आणि शाफ्ट दोन बोटांनी हळूहळू फिरवा. एका फेऱ्यात सहा ठिकाणी ती अडते आणि पुढच्या घरात टुणकन जाऊन बसते. दोन चुंबक आणि तीन स्लॉटचं, म्हणजे तार गुंडाळायच्या तीन खाचांचं, आर्मेचर असलं की हे होणारच. पाच स्लॉटच्या आर्मेचरला अशी घरं दहा असतात आणि प्रत्येक घर उथळ असतं. आता पुढचं चाक खडकाच्या कडेला टेकलंय अशी कल्पना करा. तुम्ही थ्रॉटल केसभर ओढता, गाडी हलत नाही. आणखी केसभर, तरी नाही. मग एकदम आर्मेचर एक घर ओलांडतं, चाक झटका मारतं आणि गाडी कडेवरून मागे घसरते. पाच स्लॉटच्या चांगल्या मोटरीवर त्याच जागी चाक दगडावर रबर दाबत दाबत वर सरकतं. माझा सगळा आग्रह त्या एका इंचासाठी आहे, आणि तो पिनियन बदलून पुरता मिळत नाही. लहान पिनियनने झटका चाकापाशी लहान होतो, पण उरतोच.

पण महाग म्हणजे पाच स्लॉट असं समजू नका. काही भारी मोटरी तीन स्लॉटच्याच असतात, वर चुंबक जोरदार. उतारावर त्या गाडी छान धरून ठेवतात, पण अगदी सावकाश चालवताना साध्या मोटरीपेक्षाही जास्त अडखळू शकतात. किमतीआधी स्लॉट विचारा.

रंगीत डब्याबद्दल एक अनुभव सांगतो. बंद पडलेल्या एका साध्या मोटरीच्या मागच्या झाकणाचे दुमडलेले कान पक्कडीने उचलून ती उघडली. ब्रश, म्हणजे आपले कार्बन, झिजून जवळजवळ संपलेले. कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या गोल भागाच्या, तांब्यावर ब्रशच्या रुंदीची खोबण पडलेली, आणि तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटी काळ्या भुकटीने गच्च भरलेल्या. चुंबक ठणठणीत, वाइंडिंग शाबूत. एवढ्याशा कार्बनपायी अख्खी मोटर टाकून द्यावी लागली. उघडता येणाऱ्या मोटरीत स्प्रिंग उचलून नवे ब्रश घालता येतात, कम्युटेटर लेथवर साफ करता येतो. शिवाय बुशऐवजी (शाफ्टभोवतीच्या साध्या धातूच्या कड्याऐवजी) बेअरिंग असेल तर शाफ्ट लवकर डुगडुगत नाही. दर आठवड्याला गाडी चालवणाऱ्याला याची किंमत कळते.

महाग मोटरीचा एक धोकाही आहे, तो मी स्वतः भोगलाय. मागचं झाकण फिरवून टायमिंग, म्हणजे चुंबकांच्या मानाने ब्रशची जागा, बदलता येतं, आणि माझ्या एका गाडीत पुढे जाताना मोटर उलट्या दिशेने फिरते हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. पुढे जाताना ब्रशपाशी ठिणग्या, डबा चटका बसेल इतका गरम, आणि रिव्हर्समध्ये गाडी जास्त वेगाने पळायची. कित्येक दिवस मी ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, दोष देत होतो. क्रॉलर जेवढा पुढे जातो तेवढाच मागेही येतो, म्हणून टायमिंग शून्यावर ठेवलेलं बरं.

आता पहिला आक्षेप. नवख्याने पहिल्या दिवशी महाग मोटर घेऊ नये, हे मी तेव्हाही म्हणायला हवं होतं. आधी पिनियन. मग ईएससी, कारण ज्याची सुरुवातच धक्क्याने होते अशा ईएससीवर पाच स्लॉटची मोटर वाया जाते. ड्रॅग ब्रेकही, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर गाडी धरून ठेवणारा ब्रेक, त्यातच जुळवायचा. किटमधली मोटर संपली की मग निवडीला बसायचं. चिखलापाण्यात खेळणाऱ्याने तर साधीच मोटर घ्यावी. गाळात कार्बन झरझर झिजतात, तिथे भारी मोटर घालणं मलाही पटत नाही.

मोटर कुठलीही असो, गाडीत बसवण्याआधी दोन-तीन व्होल्टवर, पिनियन न लावता, थोडा वेळ फिरवून घ्या. ब्रशची टोकं कम्युटेटरच्या गोलाईवर बसली की आवाज बदलतो, खरखर जाऊन एकसारखी घुरघुर येते. साध्या मोटरीवर हे केलंत आणि दोन्ही बुशवर तेलाचा एकेक थेंब सोडलात, तर तीसुद्धा सुरुवातीला आधीपेक्षा गुळगुळीत चालेल.

लेखात पिनियनचा भाग वरच्या हिशेबासकट आज वाढवला आहे. तुमच्या 35 टर्नच्या मोटरीवर किती दातांचा पिनियन आहे आणि बॅटरी कुठली, तेवढं कळवा. तेही त्यात घालतो.