‘काम करणाऱ्याला ऑल्ट-टॅब पुरतो’ म्हणणाऱ्या वाचकाला

साहेब (नाव लिहिलेलं नाहीत म्हणून साहेब म्हणतोय, बाई असाल तर आधीच माफी मागतो),

विंडोज 11 वर गेल्यापासून दोन विंडो शेजारी-शेजारी लावायच्या तर काय करावं लागतं यावर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली आणि मग काही झोप आली नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत देतो. (ऑल्ट-टॅब म्हणजे त्या दोन की दाबून एका विंडोवरून दुसरीवर जाणं, विंडोज की आणि ॲरो म्हणजे विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसवणं, आणि लेआउट म्हणजे विंडोंची तयार मांडणी.) तुम्ही म्हणता: "काहीही गेलेलं नाही, जागा बदललीय. विंडोज की आणि ॲरो तर विंडोज 7 पासून आहे, साल तरी बघून लिहा. तीन विंडोचा लेआउट माझ्या लॅपटॉपवर दिसतच नाही. आणि काम करणाऱ्या माणसाला असले चोचले लागत नाहीत, ऑल्ट-टॅब पुरतो."

आधी चूक ती चूक. विंडोज 7 मी 2010 चं लिहिलं होतं, ते ऑक्टोबर 2009 चं आहे. बदललंय, आभार. नुसतं "साल चुकलंय" म्हणाला असतात तरी बदललंच असतं, पण ‘तरी’ घातल्याशिवाय तुमचं वाक्य पुरं होत नसावं.

आता ते ‘काम करणारा माणूस’.

अहो, मी 1996 पासून प्रूफं तपासायचं काम करतोय. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत, विंडोज 95 आणि चौदा इंची मॉनिटर. तेव्हा प्रूफ तपासायला दोघं लागायचे, एकजण मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचणार, स्वल्पविराम अर्धविरामासकट, आणि दुसरा गॅलीवर, म्हणजे कच्च्या छापील प्रतीवर, बोट ठेवून बसणार. पुढे वाचणारा माणूस परवडेना आणि हस्तलिखितं स्कॅन होऊन यायला लागली, म्हणजे मूळ पण स्क्रीनवर आणि प्रूफ पण स्क्रीनवर. तेव्हा विंडोज एक्सपीमध्ये मला कोणीतरी दाखवलं की कंट्रोल दाबून टास्कबारवरची दोन बटणं निवडायची, राइट क्लिक करायचं आणि ‘टाइल व्हर्टिकली’ म्हणायचं. (व्हर्टिकली म्हणजे शेजारी-शेजारी आणि हॉरिझॉन्टली म्हणजे वर-खाली, यात पहिले सहा महिने माझी रोज फसगत व्हायची, ते सोडा.) डावीकडे मूळ, उजवीकडे प्रूफ. त्या दिवसापासून तो वाचणारा माणूस म्हणजे माझा डावा अर्धा स्क्रीन.

आता तुमचा ऑल्ट-टॅब. केलंय ना तेही, दोन आठवडे केलंय, एका लॅपटॉपचा स्क्रीन एवढासा होता म्हणून. ऑल्ट-टॅब मारला की मूळ समोरून जातं आणि प्रूफ येतं, मधल्या अर्ध्या सेकंदात ती ओळ डोक्यात धरून न्यायची असते. एक ओळ नेता येते, दोन नेता येतात. पण लागोपाठ दोन वाक्यं ‘आणि’नं सुरू झाली, की नजर पहिल्या ‘आणि’वरून निघते ती दुसऱ्या ‘आणि’वर उतरते आणि मधलं अख्खं वाक्य गायब. आणि प्रूफ वाचताना ते छान सरळ वाटतं! ज्यानं प्रूफं वाचलीत त्याला हे सांगावं लागत नाही. त्या दोन आठवड्यात माझ्या हातून एका स्मरणिकेतला एक पूर्ण परिच्छेद गळला, छापून आल्यावर कळलं, आणि शुद्धिपत्राची चिठ्ठी मी स्वतः बसून चिकटवली, प्रत्येक प्रतीत. तेव्हा चोचले कोणाचे आणि काम कोणाचं हे कृपया मला शिकवू नका. तुमचं काम मेल वाचायचं असेल तर तुम्हाला पुरत असेल ऑल्ट-टॅब, माझी काहीच हरकत नाही.

दोन गोष्टी नजरेसमोर एकदम असणं हा कोणाचा लाड नाहीये हो. 1985 च्या पहिल्या विंडोजमध्ये तर विंडो एकमेकींवर चढायच्याच नाहीत, शेजारी-शेजारीच बसायच्या. एकीवर दुसरी टाकायची सोय 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. म्हणजे वयानं बघितलं तर शेजारी-शेजारी बसणंच जुनं आणि एकीवर दुसरी टाकणं नंतरचं, पण राहू दे.

"काहीही गेलेलं नाही" म्हणता तर जरा राइट क्लिक करून बघा. विंडोज 10 मध्ये टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं की ‘शो विंडोज साइड बाय साइड’ अशी स्वच्छ ओळ होती, 11 मध्ये तिथे टास्क मॅनेजर आणि टास्कबार सेटिंग्ज एवढंच उरलंय. एक्सपीतलं ते कंट्रोल दाबून बटणं निवडणं तर सातमध्येच गेलं होतं, मग मी नको त्या विंडो मिनिमाइज करून तीच ओळ वापरायचो. जुन्या पद्धतीत एकदा सांगितलं की उघड्या होत्या तेवढ्या सगळ्या ओळीत उभ्या. नव्यात विंडोज की आणि झेड दाबा नाहीतर मॅक्झिमाइजच्या बटणावर माउस न्या, लेआउट निवडा, मग उरलेल्या जागेत कोण बसणार ते परत दाखवा. ॲरोनं केलं तरी दुसरी विंडो आपणच निवडायची. याला ‘जागा बदलली’ म्हणत असतील तर ठीक आहे, घर पाडलं तरी जागा बदललीच म्हणतात. आणि स्नॅप ग्रुप, म्हणजे मूळ आणि प्रूफ जोडीनं परत वर येणं, मला आवडतं असं मी तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तिथपर्यंत आला नसाल.

तीन विंडोच्या लेआउटचं: पोस्ट दोन विंडोंबद्दल होती म्हणून लिहिलं नाही. तुमचा स्क्रीन 1920 पिक्सेल रुंदीचा आणि स्केल, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी दाखवायचं प्रमाण, 125 टक्के असेल तर विंडोजच्या हिशोबी रुंदी 1536 च भरते, आणि तीन उभ्या पट्ट्या 1920 पासून पुढे दिसतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, तिथे स्केल 100 करा, अक्षर बारीक होईल, चष्मा लावा. यात माझा काय गुन्हा?

आणखी एकानं खाली पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच फुकट साधनांमधलं फॅन्सीझोन्स सुचवलंय, शिफ्ट दाबून विंडो ओढली की आपण आखलेल्या खणात बसते. चांगलं आहे, मी वापरतो, आणि बघा, त्यांनी ते न टोचता सांगितलं.

टीका करायची नाही असं मी म्हणत नाहीये, जरूर करा. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं डोळे फोडलेल्या माणसाला ‘काम करणारा’ या शब्दावरून बोल लावायचे आणि स्वतःचं नावही लिहायचं नाही, हे काही बरोबर नाही, एवढंच. (एकोणतीस झाली असतील. मोजत बसत नाही, नाहीतर उद्या तेही तपासाल.)

दिवाळी अंकाचं प्रूफ आलंय, चौऱ्याऐंशी पानं, सोमवारी परत द्यायचंय. डावीकडे मूळ लावून झालंय, उजवीकडे काय बसवायचं ते विंडोज अजून विचारतंय. जातो.